जड बॅरल लाकडी दस्त्यात बसवताना: घासण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘.२२ ची मॅच (स्पर्धेची) रायफल आहे, दस्ता अक्रोडाचा, जुना. आधीची हलकी बॅरल काढून परवानाधारक कारागिराकडून २२ मिलिमीटर जाडीची सरळ, जड बॅरल बसवून घेतली. दस्त्यातली बॅरलची खाच घासून रुंद केली. दहाची नोट पुढच्या टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत आरामात फिरते. तरीही प्रोनमध्ये स्लिंग कसली की ग्रुप एक रिंग डावीकडे जातो. पाऊस सुरू झाल्यापासून तर झीरो रोज वेगळा लागतो. अजून किती घासू?’ (नवख्यांसाठी: अ‍ॅक्शन म्हणजे बॅरलमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग. प्रोन म्हणजे पालथं झोपून, नीलिंग गुडघ्यावर बसून, स्टँडिंग उभ्याने. स्लिंग म्हणजे रायफल दंडाला बांधणारा पट्टा. ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, आणि झीरो म्हणजे गोळी नेमावर लागावी म्हणून साइटची जुळवणी.)

आता एक कणही घासू नका. पॉलिश पेपर ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोनच शक्यता दिसतात: एक तर खाचेत काहीतरी टेकतंय जे नोटेला सापडत नाही, नाही तर अ‍ॅक्शन दस्त्यात नीट बसलेली नाही आणि स्क्रू आवळले की बॅरलची दिशाच बदलते. खाच आणखी रुंद करून दुसऱ्या दुखण्यावर इलाज होत नाही, उलट दस्ता कमजोर होतो आणि पहिलं दुखणं वाढतं. मी पंचवीस वर्षं लष्करात आर्मरर (शस्त्रदुरुस्ती कारागीर) होतो आणि त्यानंतर पुण्यात नेमबाजांच्या रायफलींचं काम करतोय. माझ्याकडे आलेल्या दस्त्यांत घासून घासून वाया गेलेले इतके आहेत, की हे आधीच सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

नोटेपासून सुरुवात करू, कारण सगळे तिच्यावरच विसंबतात. नोटेची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. म्हणजे नोट फिरली तर एवढंच कळतं की रायफल टेबलावर निवांत पडलेली असताना बॅरल आणि लाकूड यांच्यात ०.१ मिलिमीटर जागा आहे. नेम धरताना रायफल टेबलावर नसते. उजव्या हाताच्या नेमबाजाची स्लिंग डाव्या दंडापासून हँडस्टॉपपर्यंत (पुढचा हात अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) ताणलेली असते आणि ती फोरएंडला, म्हणजे दस्त्याच्या बॅरलखालच्या पुढच्या भागाला, मागे, खाली आणि डावीकडे ओढत असते. लाकडी फोरएंड त्या ओढीने वाकतो. बॅरल जागच्या जागी राहते आणि खाचेची उजवी भिंत तिच्या अंगावर येते. भिंतीने बॅरलला डावीकडे ढकललं की गोळी डावीकडे. तुमचा ग्रुप नेमका तिकडेच जातोय, म्हणून पहिला संशय उजव्या भिंतीवर आणि खाचेच्या तळावर.

खिशातलं एटीएम कार्ड काढा. बँकेचं कुठलंही कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं, ते आंतरराष्ट्रीय मापच आहे. दोन कार्डं एकावर एक धरली की दीड मिलिमीटर. लाकडी दस्त्यात जड बॅरलभोवती मला ही दीड मिलिमीटर जागा हवी असते, दोन्ही बाजूंना आणि खाली. अ‍ॅल्युमिनियमचा ताठ दस्ता असेल तर एका कार्डावरही भागतं. जुनी, मुदत संपलेली दोन कार्डं लांबीत चिरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून ठेवा. फीलर गेजची स्टीलची पाती बॅरलवर घासू नयेत, ब्लूइंगवर (स्टीलच्या काळसर-निळ्या थरावर) चरे पडतात.

ही दीड मिलिमीटर जागा कशासाठी, ते समजून घ्या, कारण या बाबतीत बरेच गैरसमज ऐकू येतात. ‘बॅरल तापून फुगते, म्हणून गॅप’ असं मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. हिशोब करून बघा. स्टील दर अंशाला एक लाखात सव्वा भागाहून थोडं कमीच प्रसरण पावतं. २२ मिलिमीटरची बॅरल ६० अंशांनी तापली तरी तिची जाडी दीड शतांश मिलिमीटरने वाढते. नोटेच्या जाडीचा सहावा-सातवा भाग. बरं, .२२ ची बॅरल एवढी तापतही नाही. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत तापलेली बॅरल त्रास देते ती आतल्या ताणामुळे किंचित वाकून, फुगून नव्हे. ‘जड बॅरल स्वतःच्या वजनाने खाली झुकून टेकते’ हाही तसाच समज. २२ मिलिमीटर जाड आणि ६९ सेंटिमीटर लांब बॅरलचं वजन भरतं सुमारे १.९ किलो. मागच्या टोकाला घट्ट धरून ती आडवी सोडली तर तोंडाशी झुकते साधारण एक तृतीयांश मिलिमीटर, आणि फोरएंड जिथे संपतो तिथे त्याहून बरीच कमी. जाड बॅरल फार ताठ असते. जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळा पट होतो. गोळी सुटताना बॅरल थरथरते, ती थरथरही इतकी बारीक असते की तिच्यासाठी दीड मिलिमीटर लागत नाही.

मग ती जागा लागते कोणाला? दस्त्याला. स्लिंगच्या ओढीने वाकणारं लाकूड, पावसाळ्यात ओल धरून फुगणारं लाकूड, आणि खाचेत साचणारा मेणचट काळा मळ यांच्यासाठी ती ठेवायची असते. .२२ च्या गोळीवर ग्रीस किंवा मेण असतं, त्यात धूळ मिसळून त्याच्या गोळ्या बनतात आणि बॅरल व लाकूड यांच्यामध्ये जाऊन बसतात. रेंजवरची वाळूही तिथेच जाते. मिराजची पट्टी (बॅरलवरून उठणारी गरम हवेची झळ नजरेआड ठेवणारी) सैल झाली तर ती घसरून फोरएंडच्या तोंडाशी अडकलेली मी पाहिली आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्याची वायरही बघा.

आता टेकण्याने किती बिघडतं त्याचा अंदाज देतो. अ‍ॅक्शनपासून ३० सेंटिमीटरवर तुमच्या २२ मिलिमीटरच्या बॅरलला बाजूने एक किलोचा दाब दिला, तर तोंडाची दिशा एवढी फिरते की ५० मीटरवर फरक पडतो जवळपास एक सेंटिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची असते. एक किलो म्हणजे बोटाने जरा जोर देऊन दाबल्यासारखा दाब. घट्ट स्लिंग याहून कितीतरी जास्त ओढते. एक बारकावा मात्र आहे. पुढची साइट बॅरलच्या तोंडावर असेल तर तीही बॅरलबरोबर सरकते, तुम्ही पुन्हा नेम जुळवता, आणि चुकीचा बराचसा भाग आपोआप वजा होतो. अ‍ॅक्शनवर टेलिस्कोप लावून तपासलं तर पूर्ण फरक दिसतो. म्हणून दोष शोधायचा असेल तेव्हा मी रायफलीवर तात्पुरता टेलिस्कोप चढवतो. बिनटेलिस्कोपच्या, आयर्न साइटवर एक रिंग सरकतेय म्हणजे तुमच्याकडचा दाब किरकोळ नाही.

शोध कसा घ्यायचा ते सांगतो. रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून रिकामं असल्याची खात्री, आसपास एकही काडतूस नको. मग जॅकेट घालून, स्लिंग नेहमीसारखी कसून प्रोनमध्ये झोपा आणि नेम धरा. दुसऱ्या माणसाला समोरून नाही, बाजूला बसून कार्डाची पट्टी खाचेत फिरवायला सांगा, आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग खालून. अंधाऱ्या खोलीत फोरएंडच्या तोंडातून बारीक टॉर्च मारला तर प्रकाशाची फट कुठे बंद होते तेही दिसतं. जिथे पट्टी अडेल तिथे दस्त्यावर बाहेरून पेन्सिलने खूण करा. मग स्लिंग सैल सोडून तीच तपासणी पुन्हा. नीलिंगमध्ये पुन्हा. तुमच्या प्रश्नात हे कुठेच आलेलं नाही, त्यामुळे बहुधा तुम्ही भाराखाली तपासलेलंच नाही.

दुसरी खूण बॅरलवरच असते. अ‍ॅक्शन दस्त्यातून काढा आणि खिडकीजवळ उजेडात बॅरलची खालची बाजू तिरकी धरून बघा. जिथे काही टेकत असतं तिथे ब्लूइंग घासून चकचकीत ठिपका पडलेला असतो. तीन-चार वर्षांपूर्वी कोल्हापूरकडची एक मुलगी रायफल घेऊन आली होती. तक्रार तुमच्यासारखीच: प्रोनला ग्रुप सरकतो, नीलिंगला आणि स्टँडिंगला ठीक. खाच दोनदा घासून झाली होती. बॅरल बाहेर काढली तर खालच्या बाजूला तिळाएवढा एक पांढरा ठिपका, आणि उरलेली बॅरल कोरी. लाकूड इतक्या लहान ठिकाणी टेकत नाही, ते लांब पट्टा घासतं. ठिपका म्हणजे धातू. फोरएंडच्या खालच्या रेलमधला (हँडस्टॉप जिच्यात पुढेमागे सरकतो त्या पट्टीतला) हँडस्टॉपचा बोल्ट दोन मिलिमीटर लांब होता. नीलिंगला हँडस्टॉप मागे असायचा, तिथे बोल्टच्या टोकावर भरपूर लाकूड होतं. प्रोनला तो पुढे जायचा, तिथे रेलच्या वर आधीच्या कुणीतरी पाडलेलं एक भोक होतं, त्यातून बोल्टचं टोक वर येऊन बॅरलला भिडायचं. बोल्ट कापून, टोक गोल करून दिला. पाच मिनिटांचं काम. तिच्या दस्त्याचं घासून गेलेलं लाकूड मात्र परत आणता आलं नाही, त्याला पुढे कार्बनची पट्टी घालावी लागली. तेव्हापासून मी पहिल्यांदा रेलचे स्क्रू बघतो आणि मग लाकूड. तुम्हीही तसंच करा. रेल दस्त्याला धरून ठेवणारे लाकडाचे स्क्रूसुद्धा तपासा. बॅरल जाड झाली म्हणजे तिचा तळ खाली आला, आणि हलक्या बॅरलखाली निरुपद्रवी असलेलं स्क्रूचं टोक आता तिला लागू शकतं.

यात काही सापडलं नाही तर अ‍ॅक्शनकडे वळा. माझ्या मते मुळातली गोष्ट इथे आहे, आणि जड बॅरलच्या बाबतीत तर नक्कीच. १.९ किलोचा दांडा अ‍ॅक्शनच्या पुढे लटकतोय, त्याचं वजन जणू ३४ सेंटिमीटर पुढे टांगलेलं आहे. बॅरल मोकळी ठेवायची म्हणजे हा सगळा भार अ‍ॅक्शनचा तळ आणि दोन स्क्रू यांनी पेलायचा. हलक्या बॅरलसाठी घडवलेली लाकडी बैठक तो पेलतेच असं नाही. पुढच्या स्क्रूपाशी लाकूड दबतं, अ‍ॅक्शन नाक खाली करून बसते, स्क्रू आवळला की वाकते. मग बॅरल खाचेत तिरकी दिसते आणि मालक म्हणतो, ‘खाच एका बाजूला अरुंद आहे, घासू या.’ खाच सरळच असते. वाकडी बसलेली असते ती अ‍ॅक्शन.

हे ओळखायला डायल गेज लागतं, म्हणजे अगदी बारीक हालचाल तबकडीवर सुईने दाखवणारं साधन. मॅग्नेटिक बेस बॅरलवर, गेजची सुई फोरएंडच्या टोकावर. रायफल उभी धरा, दस्त्याची टाच जमिनीवर, म्हणजे वजनाचा गोंधळ होत नाही. दोन्ही स्क्रू ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळलेले असू द्या. आता पुढचा स्क्रू हळूहळू सोडा आणि सुई बघा. पुन्हा आवळा, मग मागचा सोडा. सुई ०.०५ मिलिमीटरच्या आत हलली तर बैठक चांगली. ०.१ च्या पुढे गेली तर अ‍ॅक्शन ताणाखाली बसलेली आहे, आणि खाचेत कितीही जागा असली तरी झीरो स्थिर राहणार नाही. मी पाहिलेल्या एका दस्त्यात सुई ०.४ पर्यंत गेली होती. त्या रायफलीच्या मालकाने दोन सीझन काडतुसांचे लॉट बदलण्यात घालवले होते.

बैठक खराब निघाली तर बेडिंग करावं लागतं, म्हणजे अ‍ॅक्शनखाली तिच्याच आकाराची इपॉक्सीची पक्की बैठक बनवायची. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे हे काम परवानाधारक आर्मररकडेच द्या. मी पद्धत सांगतोय ती यासाठी, की काम करून घेताना तुम्हाला नेमकं काय मागायचं आणि काय तपासायचं ते कळावं.

आधी स्क्रूच्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, म्हणजे पिलर. लाकूड दाबाखाली वर्षानुवर्षं बसत जातं, पिलर बसत नाही. पिलरचा वरचा काठ अ‍ॅक्शनच्या तळाशी नीट भिडला पाहिजे. गोल तळाची अ‍ॅक्शन असेल तर त्याला तशीच गोलाई द्यावी लागते, सपाट काठ दोनच ठिकाणी टेकतो. मग अ‍ॅक्शनखालचं दोन-तीन मिलिमीटर लाकूड कोरून काढायचं आणि तिथे स्टीलची पूड असलेलं इपॉक्सी भरायचं. साध्या पातळ अ‍ॅराल्डाइटपेक्षा स्टील-पुटी मला पसंत आहे, कारण ती भरताना वाहून जात नाही आणि घट्ट होताना फारशी आक्रसत नाही.

खरी काळजी घ्यायची ती इपॉक्सी भरण्याच्या आधी. अ‍ॅक्शनवरचं प्रत्येक भोक, प्रत्येक खाच, ट्रिगरची जागा मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीने भरून सपाट करायची. इपॉक्सी एखाद्या आत वळलेल्या कडेत शिरून कडक झालं की अ‍ॅक्शन दस्त्यात कुलूपबंद होते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून एक रायफल तशी अडकली होती. रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली आणि सकाळी नायलॉनच्या हातोडीने ठोकून काढली, तेव्हा जीव भांड्यात पडला. स्टील आणि लाकूड थंडीत सारखं आक्रसत नाहीत म्हणून ती सुटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मातीनंतर बिनरंगाचं बूटपॉलिश, तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. स्क्रूच्या आट्यांनाही. बूटपॉलिशचा थर अगदी पातळ असतो, बेडिंगच्या मापात तो फरक पाडत नाही आणि सुटतो छान.

बॅरल खाचेच्या मध्यावर आणि नेमक्या उंचीवर राहावी म्हणून फोरएंडच्या टोकाजवळ बॅरलला इन्सुलेशन टेप गुंडाळायचा. एका वेढ्याची जाडी साधारण ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे दहा-अकरा वेढ्यांत तुमचे दीड मिलिमीटर झाले. या टेपवर बॅरल टेकलेली असताना इपॉक्सी घट्ट होतं, नंतर टेप काढला की तेवढी जागा आपोआप चारी बाजूंनी सारखी उरते. जड बॅरलची जागा अशी ‘बनते’. खाच घासून ती शोधावी लागत नाही.

आणि स्क्रू आवळायचे नाहीत. चांगल्या चांगल्या लोकांची इथे चूक होते. ओल्या इपॉक्सीवर स्क्रू कसले तर अ‍ॅक्शन वाकलेल्या अवस्थेतच साचा तयार होतो आणि सगळा ताण कायमचा कोंडला जातो. मी बिनडोक्याचे दोन खिळेवजा स्टड भोकांत घालतो, तेवढे दिशा देतात, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी अ‍ॅक्शन दस्त्याला हलके बांधतो. बाहेर आलेलं इपॉक्सी मऊ असतानाच काठीने काढायचं. पूर्ण २४ तास हात लावायचा नाही, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात दीड दिवस.

बॅरलच्या मुळाशी, अ‍ॅक्शनच्या लगेच पुढे, तीन-चार सेंटिमीटर बेडिंग द्यावं का, यावर मतभेद आहेत. माझं मत देतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत, लांब अ‍ॅक्शन आणि रुंद रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर देणारा दात) असेल तर गरज नाही, अ‍ॅक्शनपुढे सगळं मोकळं ठेवा. आखूड .२२ अ‍ॅक्शनवर दोन किलोची बॅरल असेल आणि नुसत्या अ‍ॅक्शनच्या बेडिंगनंतरही डायल गेज ०.०५ च्या वर जात असेल, तर तीन सेंटिमीटर आधार द्यायला मी कचरत नाही. बॅरलचा तो भाग सर्वांत ताठ असतो आणि तिथला आधार ठाम, कायमचा असतो. त्रास देतो तो दूरचा, कधी असणारा आणि कधी नसणारा स्पर्श.

कारण प्रत्येक स्पर्श वाईटच असतो असं नाही. मी ज्या .३०३ ली-एनफील्डवर काम शिकलो, तिचा फोरएंड बॅरलला तोंडाजवळ मुद्दाम वर रेटत असे. जुन्या नंबर १ मार्क ३ मध्ये तर त्यासाठी स्प्रिंग बसवलेला एक छोटा खुंट असतो. बॅरल बारीक, दस्ता तोंडापर्यंत लांब, त्यामुळे ठरलेला, मोजलेला दाब देऊन थरथर आवरायची अशी ती रचना. इशापूरच्या रायफल कारखान्यात १९६० च्या दशकात झालेली ७.६२ ची २ए१ रायफल त्याच घराण्यातली. अशा रायफलीला कुणी हौसेने खाच घासून ‘फ्री-फ्लोट’ केलं, म्हणजे बॅरल पूर्ण मोकळी केली, की ग्रुप दुप्पट झालेला मी पाहिला आहे. तुमच्या २२ मिलिमीटरच्या बॅरलला मात्र तशा आधाराची गरज नाही, ती स्वतःच पुरेशी ताठ आहे.

पावसाळ्याचा प्रश्न राहिला. तुम्ही खाच घासलीत, पण घासल्यावर आतून काही लावलंत का? प्रश्नात उल्लेख नाही, आणि मला भीती आहे की लावलेलं नाही. बाहेरून पॉलिश केलेला आणि आतून कोरा उघडा असलेला दस्ता एकाच बाजूने पाणी पितो. आतली बाजू फुगते, बाहेरची फुगत नाही, आणि फोरएंड पिळतो. साधारण ५० मिलिमीटर रुंदीच्या अक्रोडाच्या लाकडात ओलावा पाच-सहा टक्क्यांनी वाढला तर रुंदी अर्धा ते पाऊण मिलिमीटरने वाढू शकते. पुण्याच्या जुलैत सराव आणि दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर डिसेंबरात स्पर्धा असेल, तर दस्ता ही दोन्ही टोकं अनुभवतो. रोज बदलणारा झीरो बहुतेक इथून येतोय. दस्ता आठ-दहा दिवस पंख्याखाली, कोरड्या खोलीत, उभा वाळू द्या. उन्हात किंवा हीटरसमोर मुळीच नको, तडा जाईल. मग खाचेत, स्क्रूच्या भोकांत, बटप्लेटखालच्या उघड्या लाकडावर, सगळीकडे पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात द्या. जुने कारागीर चपड्याचं पॉलिश देत. ते दिसायला सुंदर, पण ओल अडवायला पॉलियुरेथेन सरस. हे सगळं बेडिंगच्या आधी करायचं, ओल्या लाकडावर केलेलं बेडिंग लाकूड वाळल्यावर हलतं.

खाचेच्या भिंती आता किती जाड उरल्यात ते व्हर्नियरने मोजा. सहा मिलिमीटरच्या खाली गेल्या असतील तर फोरएंड स्लिंगला पुरणार नाही, तो वाकतच राहील. अशा दस्त्याच्या खाचेच्या तळाशी लांब चर पाडून त्यात कार्बन-फायबरची नळी किंवा पट्टी इपॉक्सीत बसवतात, अ‍ॅक्शनच्या पुढच्या कडेपासून जवळजवळ टोकापर्यंत. वजन नगण्य वाढतं आणि ताठपणा चांगलाच परत येतो. नळीवरून इपॉक्सी समतल करताना ते बॅरलकडे वर येणार नाही हे बघा, नाहीतर जी जागा हवी होती तीच भरून निघायची.

टॉर्कबद्दल थोडक्यात. तुमच्या अ‍ॅक्शनच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. माझ्या हाताखालच्या बहुतेक .२२ मॅच रायफली ५ ते ६ न्यूटन-मीटरवर असतात. पुढचा आधी अर्धा, मग मागचा अर्धा, मग दोन्ही पूर्ण, आणि दर वेळी याच क्रमाने. ‘हाताला कळतं’ यावर विसंबू नका. एकाच माणसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा हात मी टॉर्क पान्यावर मोजलाय, दीड न्यूटन-मीटरचा फरक येतो.

मग रेंजवर जाऊन खात्री. वारा पडलेली सकाळ निवडा, काडतुसं एकाच लॉटची, बॅरल गरम करायला आधी दहा-पंधरा गोळ्या बाजूच्या टार्गेटवर. दहा गोळ्या स्लिंग एक भोक सैल करून, दहा नेहमीच्या भोकावर, दहा एक भोक घट्ट. हा फेरा तीनदा, क्रम उलटसुलट करून, म्हणजे तुमच्या थकव्याचा दोष स्लिंगवर येणार नाही. ग्रुपचा आकार थोडा कमीजास्त होईल, त्याकडे सध्या बघू नका. ग्रुपचा मध्य बघा. तिन्हींचा मध्य आतल्या दहाच्या, म्हणजे दहाच्या रिंगमधल्या ५ मिलिमीटरच्या वर्तुळाच्या आसपास राहिला तर बॅरल मोकळी आहे. मग अ‍ॅक्शन दस्त्यातून पूर्ण काढा, पुन्हा त्याच टॉर्कला बसवा आणि आणखी दहा गोळ्या. बेडिंग चांगलं असेल तर झीरो जवळपास जिथल्या तिथे सापडतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (नीलिंग, प्रोन, स्टँडिंग) कांस्य जिंकल्यापासून माझ्याकडे .२२ बद्दल विचारणारी तरुण मुलं वाढली आहेत. नवी रायफल सगळ्यांना परवडत नाही, जुन्या दस्त्यावर नवी बॅरल चढवणं हा त्यांच्यासाठी खरा, उपयोगाचा मार्ग आहे. म्हणूनच असा दस्ता पॉलिश पेपरखाली जाताना बघून मला वाईट वाटतं. अक्रोडाचा जुना, सुकलेला, सरळ रेषांचा तुकडा आज सहज मिळत नाही.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा: आधी रेलचे स्क्रू आणि हँडस्टॉपचा बोल्ट, मग स्लिंगच्या भाराखाली कार्ड, मग आर्मररकडे डायल गेज, मग गरज असेल तर लाकूड वाळवणं, सीलिंग आणि बेडिंग. कार्ड कुठे अडलं ते मला नक्की कळवा: अ‍ॅक्शनच्या पुढच्या कडेपासून किती सेंटिमीटरवर, डावीकडे, उजवीकडे की खाली, आणि त्या जागी बॅरलवर ठिपका आहे की लांब पट्टा. सोबत खाचेच्या दोन्ही भिंतींची जाडीही लिहा. त्यावरून कार्बनची पट्टी लागेल की नाही ते सांगतो.